टेनॅसिटी आणि एक्झिटस्टॅक: रिट्राय आणि आवराआवर यांचा नऊ महिन्यांचा अनुभव

मी अंधेरी पूर्वेला एका लहान सॉफ्टवेअर संघात काम करते. आमचा मुख्य ग्राहक औषधांचा घाऊक वितरक आहे. त्याच्या १४ गोदामांतून रोज रात्री साठ्याच्या फाइल्स आणणे, त्या पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये भरणे आणि तयार झालेली बिले त्याच्या हिशेबाच्या प्रणालीकडे पाठवणे, हे काम आमचा पायथनमधील प्रोग्राम करतो. गेल्या नोव्हेंबरपासून या प्रोग्राममधील रिट्राय, म्हणजे फसलेले काम पुन्हा करून पाहणे, आम्ही टेनॅसिटी या लायब्ररीवर आणि रिसोर्सची (उघडलेल्या फाइल्स, कनेक्शन्स) आवराआवर पायथनसोबतच येणाऱ्या कॉन्टेक्स्टलिब या मॉड्यूलवर आणत आहोत. या दोन्हींवर बेतलेला सुमारे दीडशे ओळींचा आमचा स्वतःचा हेल्पर (सहायक कोड) आहे आणि हा अनुभव मुख्यतः त्याचा आहे.

त्याआधी आमच्याकडे हाताने लिहिलेला लूप होता. तीन वेळा फिरायचे, एक्सेप्शन (चालताना उद्भवलेली चूक) आले की पाच सेकंद थांबायचे आणि पुन्हा प्रयत्न करायचा. हा लूप ११ ठिकाणी कॉपी झालेला होता आणि प्रत्येक ठिकाणी थोडा वेगळा होता. ऑक्टोबरमधल्या एका रात्री पोस्टग्रेसने नवी कनेक्शन्स नाकारायला सुरुवात केली. पोस्टग्रेसच्या मूळ सेटिंगमध्ये कनेक्शनची मर्यादा १०० असते आणि त्यातील तीन सुपरयूजरसाठी राखीव असतात. एकाच वेळी काम करणारे आमचे वर्कर १२ असताना उरलेली ९७ कनेक्शन्स कशी संपली, हे शोधण्यात दोन दिवस गेले. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाचे एक्सेप्शन आम्ही सकाळच्या अहवालासाठी एका यादीत साठवत होतो. एक्सेप्शनला ट्रेसबॅक (चूक कुठे झाली याचा माग) जोडलेला असतो, ट्रेसबॅक त्या फंक्शनची फ्रेम, म्हणजे त्याची चालू स्थिती, धरून ठेवतो आणि त्या फ्रेममध्ये आमचे कनेक्शन लोकल व्हेरिएबल म्हणून पडून होते. यादी जिवंत असेपर्यंत फसलेल्या प्रत्येक प्रयत्नाचे कनेक्शनही उघडे राहत होते. एरवी फंक्शन संपले की सीपायथन, म्हणजे नेहमीचा पायथन, ते आपोआप मोकळे करत असे, म्हणून ते बंद करण्याची ओळ आम्ही लिहिलेलीच नाही, हे वर्षभर कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

तेव्हापासून रिट्राय आणि आवराआवर यांचा विचार मी एकत्रच करते. कोणती गोष्ट प्रयत्नाच्या आत जन्माला यावी आणि कोणती बाहेर, हे लूप लिहिण्याआधी ठरलेले असावे लागते. टेनॅसिटी हे आपल्यासाठी ठरवून देत नाही आणि तशी अपेक्षा ठेवणेही योग्य नाही.

लायब्ररी म्हणून टेनॅसिटी मला मनापासून आवडली. कधी थांबायचे, दोन प्रयत्नांत किती वेळ जाऊ द्यायचा आणि कोणत्या एक्सेप्शनवर पुन्हा प्रयत्न करायचा, हे तीन निर्णय ती वेगवेगळे ठेवते आणि हवे तसे जोडू देते. आम्ही पाच प्रयत्न किंवा १२० सेकंद, यांपैकी जे आधी होईल तिथे थांबतो. मात्र तिची मूळ वागणूक नीट वाचून घ्यावी. कोणताही पर्याय न देता तिचा डेकोरेटर (फंक्शनच्या वर लिहून त्याची वागणूक बदलणारी खूण) लावला, तर ती मध्ये क्षणभरही न थांबता अनंत काळ प्रयत्न करत राहते. शिवाय कोणत्याही सामान्य एक्सेप्शनवर ती पुन्हा प्रयत्न करते, त्यामुळे स्वतःच्या कोडमधील टाइपएरर, म्हणजे चुकीच्या प्रकारचे मूल्य वापरल्याची चूकही, पाच वेळा त्याच जागी आपटतो. म्हणून आमच्या हेल्परमध्ये एक्सेप्शनचे प्रकार देणे सक्तीचे आहे. तसेच १२० सेकंदांची मर्यादा चालू असलेला प्रयत्न मध्येच तोडत नाही, ती प्रयत्न संपल्यावर तपासली जाते. एचटीटीपी विनंत्या पाठवणाऱ्या रिक्वेस्ट्स या लायब्ररीला स्वतःचा टाइमआउट (वाट पाहण्याची मर्यादा) नसतो. तो आपण दिला नाही, तर पहिलाच प्रयत्न तासभर अडकून राहू शकतो आणि आपली सगळी मोजणी वाया जाते.

आता आत आणि बाहेर या मुद्द्याकडे येते. पहिल्या महिन्यात आम्ही कनेक्शन बाहेर उघडून फक्त क्वेरी चालवणाऱ्या फंक्शनवर डेकोरेटर लावला होता. नेटवर्क तुटल्यावर पाचही प्रयत्न त्याच मेलेल्या कनेक्शनवर झाले. आज कनेक्शन प्रयत्नाच्या आत घेतले जाते आणि पुढचा प्रयत्न सुरू होण्यापूर्वी ते बंद झालेले असते. यातही एक खाच आहे. पोस्टग्रेसशी जोडणाऱ्या सायकोपीजी२ या लायब्ररीत कनेक्शनवर विथ (आतील भाग संपताच आवराआवर करणारी पायथनची रचना) लावले, तर फक्त ट्रान्झॅक्शन संपते, कनेक्शन उघडेच राहते, त्यामुळे कॉन्टेक्स्टलिबमधील क्लोजिंग वेगळे वापरावे लागते. बिलाची गोष्ट नेमकी उलट आहे. बिल पाठवल्यावर उत्तर येण्याआधी टाइमआउट झाला, तर समोर ते नोंदले गेले की नाही, हे कळायला मार्ग नसतो. डिसेंबरमध्ये एका केमिस्टच्या नावावर एकच बिल दोनदा चढले आणि त्याने उधारी चुकवण्यास नकार दिला, तो योग्यच होता. त्या बिलाची ओळखकिल्ली, म्हणजे ते बिल ओळखण्याची खूण, आमच्या कोडमध्ये प्रत्येक प्रयत्नागणिक नवी तयार होत होती. ती आता प्रयत्नांच्या बाहेर, एकदाच तयार होते आणि पाचही प्रयत्नांत तीच जाते, त्यामुळे समोरची प्रणाली दुसरी नोंद ओळखून नाकारते.

आमच्या एका सहकाऱ्याने सुरुवातीला रिट्राय थेट विथच्या रूपातच लिहून पाहिला होता. विथच्या आतील भाग पुन्हा चालवण्याची सोय पायथनमध्ये नाही. विथसाठी कॉन्टेक्स्टमॅनेजर डेकोरेटर लावलेल्या जनरेटरने (मध्येच थांबू शकणाऱ्या फंक्शनने) दुसऱ्यांदा यील्ड केले, म्हणजे मध्येच थांबून नियंत्रण परत दिले, की रनटाइमएरर येतो. टेनॅसिटीने यावर काढलेला मार्ग मला सुबक वाटतो: बाहेर फॉर लूप प्रयत्न पुरवतो आणि आत प्रत्येक प्रयत्नावर विथ लावायचे. आत आणि बाहेर यांची सीमा इथे इंडेंटेशनमध्येच दिसते, म्हणून कोड रिव्ह्यूमध्ये मी डेकोरेटरपेक्षा या पद्धतीचा आग्रह धरते.

कॉन्टेक्स्टलिबमधील एक्झिटस्टॅक पायथन ३.३ पासून उपलब्ध आहे, तरी आमच्यापैकी बहुतेकांनी तो वापरला नव्हता. १४ गोदामांच्या फाइल्स एकाच वेळी उघडाव्या लागतात. नववी उघडताना चूक झाली, तर आधीच्या आठ बंद व्हायलाच हव्यात, आणि गोदामांची संख्या बदलती असल्याने विथच्या १४ पायऱ्या लिहिणे शक्य नाही. एक्झिटस्टॅक उघडलेली प्रत्येक फाइल लक्षात ठेवतो, उलट्या क्रमाने बंद करतो आणि एखादी बंद करताना एक्सेप्शन आले तरी उरलेल्या बंद केल्याशिवाय राहत नाही. सगळ्या फाइल्स नीट उघडल्या, तर पॉप ऑल ही त्याची मेथड वापरून त्यांची जबाबदारी पुढच्या टप्प्याकडे सोपवता येते. या एका सोयीने आमचा बराच गुंता सुटला.

दोन ठिकाणी मात्र हेल्परला बाहेरून मदत लागली. एचटीटीपीच्या थरात आधीच तीन रिट्राय लावलेले होते, म्हणजे एकूण चार प्रयत्न. त्यावर आमचे पाच आणि शेड्यूलर (ठरल्या वेळी काम सुरू करणारा प्रोग्राम) काम तीनदा चालवतो, असा हिशेब ६० विनंत्यांवर गेला. आता फक्त वरच्या थरात रिट्राय ठेवला आहे. दुसरी गोष्ट डिप्लॉयमेंटची. आमचा प्रोग्राम ज्यात चालतो तो कंटेनर थांबवताना डॉकर आधी सिगटर्म (थांबण्याची सूचना देणारा सिग्नल) पाठवतो आणि मूळ सेटिंगनुसार १० सेकंदांनी प्रोसेस मारतो. सिगटर्मसाठी आपण काही लिहिले नाही, तर पायथनची प्रोसेस फायनली (आवराआवरीचा शेवटचा भाग) न चालवताच संपते. त्यामुळे अर्धवट फाइल्स आणि लॉक तसेच मागे राहत होते. आता सिगटर्म आला की आम्ही सिस्टमएक्झिट हे एक्सेप्शन उठवतो, त्यामुळे दोन प्रयत्नांमधली झोपही तिथेच मोडते आणि आवराआवर पूर्ण होते.

थांब्याचा वेळ दर वेळी दुप्पट करत नेण्याची आणि त्यात यादृच्छिकता मिसळण्याची कल्पना ईथरनेटइतकी जुनी आहे, १९७६ च्या मेटकाफ आणि बॉग्ज यांच्या लेखात ती आहे. तिची गरज मला जुलैच्या पावसात पटली. लिंक परत आली की सगळे वर्कर एकाच सेकंदाला समोरच्या सर्व्हरवर तुटून पडत आणि तो पुन्हा कोसळे, जशी लोकल रद्द झाल्यावर अंधेरीच्या फलाटावरची सगळी गर्दी पुढच्या गाडीच्या दारात येते. ६० सेकंदांच्या कमाल मर्यादेसह वाढता यादृच्छिक थांबा लावल्यापासून ते थांबले.

परवाच्या मुसळधार रात्री पहाटे दोन ते तीनच्या दरम्यान भिवंडीच्या गोदामाची लिंक चार वेळा गेली. प्रत्येक थांब्याआधी हेल्पर एक ओळ लॉगमध्ये लिहितो. त्या ओळी सकाळी एकामागून एक वाचल्या: तिसरा प्रयत्न, चौथा प्रयत्न, मग फाइल पूर्ण. पोस्टग्रेसमध्ये उघडी कनेक्शन्स तपासली, तेव्हा ती १२ होती, प्रत्येक वर्करचे एक. जुन्या ११ लूपांपैकी दोन अजून शिल्लक आहेत, परताव्याच्या मॉड्यूलमध्ये, आणि ते गणपतीच्या सुट्टीआधी बदलायचे ठरले आहे.