चेरी कोळंबीच्या पैदाशीसाठी टाकी: फिल्टरच्या कप्प्याची की साधी काचेची?

चेरी कोळंबी, म्हणजे घरच्या काचेच्या टाकीत पाळली जाणारी गोड्या पाण्यातली छोटी लाल कोळंबी, वाढवायची ठरली की निवड सहसा दोन टाक्यांवर येऊन थांबते. एक म्हणजे मागे फिल्टरचा कप्पा असलेली तयार छोटी टाकी, आणि दुसरी दुकानदाराकडून बनवून घेतलेली दीड फूट लांब, एक फूट रुंद व तेवढीच उंच साधी काचेची टाकी, जिच्यात स्पंज फिल्टर (हवेच्या बुडबुड्यांच्या जोरावर पाणी स्पंजातून ओढून गाळणारा) आणि त्याला हवा पुरवणारा एअर पंप लावायचा असतो. मी दोन्ही वापरल्या आहेत.

दिसण्यात तयार टाकी निःसंशय सरस आहे. तिच्या नळ्या कप्प्यात दडतात आणि पंपाचा आवाज जवळजवळ येत नाही. मोजक्या प्रौढ कोळंब्या केवळ पाहण्यासाठी ठेवायच्या असतील, तर मीही कदाचित तीच सुचवीन.

पैदाशीच्या वेळी मात्र प्रश्न पिल्लांचा असतो. मादी 20 ते 30 अंडी पोटाखाली सुमारे तीन ते चार आठवडे वागवते आणि त्यांतून जेमतेम 2 मिलिमीटरची, पण पूर्ण घडलेली पिल्ले बाहेर पडतात. अमानो कोळंबीच्या पिल्लांना लागते तसे खारे पाणी यांना लागत नाही, म्हणूनच ही जात घरी वाढते. परंतु एवढी लहान पिल्ले कप्प्याच्या फटींतून सहज आत जातात. आत ती मरतातच असे नाही, गाळावर चरून बरीचशी चांगली वाढतात. पण मग फिल्टर धुण्याआधी दर वेळी स्पंज पांढऱ्या भांड्यात झटकून एकेक पिल्लू वेचावे लागते. फटींवर स्टीलची बारीक जाळी बसवली तर तिच्यावर शेवाळ साचते, आत येणारे पाणी कमी होते आणि कप्प्यातली पातळी घसरून पंप कोरडा पडू लागतो. त्यातच अशा टाकीत बाष्पीभवनाने होणारी घटही समोरच्या भागात न दिसता याच अरुंद कप्प्यात उतरते, त्यामुळे पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये, पाणी थंड राहावे म्हणून वर पंखा लावलेला असताना, घराबाहेर एक रात्र काढणेही जिवावर येते. माझा निर्णय या एका त्रासानेच केला.

साध्या टाकीत पिल्ले ओढली जाण्याची भीती नाही. उलट ती स्पंजवरच चरत बसतात. सुमारे 40 लिटर पाणी असल्याने तापमान सावकाश चढते आणि पाणी आटल्यावर मागे उरणाऱ्या क्षारांचे प्रमाणही हळूहळू वाढते. आटलेल्या पाण्याची भर मात्र कोणत्याही टाकीत आरओच्या पाण्यानेच करावी. एअर पंपाची घरघर ही या टाकीची खरी उणीव आहे. पंप फोमच्या तुकड्यावर ठेवल्यास ती कमी होते, पण शयनगृहात ती कदाचित खटकेल. स्पंज दिसायलाही चांगला नसतो; समोर जावा मॉस ही पाण्यात वाढणारी शेवाळासारखी वनस्पती वाढवली की तो बराचसा झाकला जातो आणि पिल्लांना आसराही मिळतो.

टाकी बनवून घेताना उंची एका फुटाहून अधिक सांगू नये, असे मला वाटते. कोळंबीला पाण्याच्या खोलीपेक्षा चरायला तळ अधिक लागतो, तेव्हा वाढीव पैसे लांबीवर खर्च करावेत.