कॅमेऱ्याआधी अभ्यासक्रम बघणारा कक्ष

विद्यापीठाच्या ऑनलाइन अध्यापन साहाय्य कक्षाकडे जावं का, असं बरेच सहकारी मला विचारतात. माझं उत्तर: जरूर जा, पण सत्र सुरू व्हायच्या बरंच आधी जा. आयते व्हिडिओ काढून मिळतील एवढ्याच अपेक्षेने गेलात, तर कक्षाकडची सगळ्यात मोलाची गोष्ट तुमच्या हाती लागणारच नाही.

मी पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवते. यातल्या बऱ्याच मुलांनी हा विषय आवडीने घेतलेला नसतो, तो सक्तीचा असतो. समोर बसलेल्या वर्गात कोणाचा चेहरा कोरा पडलाय हे दिसतं आणि तिथल्या तिथे दुसरं उदाहरण देता येतं. पडद्याआड ते दिसत नाही. मला मदत हवी होती ती या ठिकाणी.

पहिल्या बैठकीत स्टुडिओ, माइक, कॅमेरा यांतलं काहीही निघालं नाही. माझ्या वाट्याला आलेल्या इन्स्ट्रक्शनल डिझायनर, म्हणजे अभ्यासक्रमाची आखणी करून देणाऱ्या बाईंनी तीन रकान्यांचा तक्ता पुढे केला. पहिल्यात विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे, दुसऱ्यात ते आलं हे कशावरून तपासणार, तिसऱ्यात त्यासाठी काय शिकवणार. आपण प्राध्यापक बहुधा तिसऱ्या रकान्यापासून सुरुवात करतो, कारण नोट्स तयार असतात. मी पहिल्या रकान्यात ‘नमुना-वितरण समजणे’ असं लिहिलं. त्या म्हणाल्या, ‘मॅडम, समजलं हे तुम्हाला दिसणार कसं?’ त्या एका ओळीवर आम्ही बराच वेळ बसलो. शेवटी ती अशी झाली: एकाच समष्टीतून, म्हणजे ज्यांचा अभ्यास करायचा त्या संपूर्ण समूहातून, घेतलेल्या नमुन्यांच्या सरासऱ्या वेगवेगळ्या का येतात आणि नमुना मोठा केला की ही तफावत का घटते, हे आलेख काढून सांगता येणे. ओळ अशी लिहिल्यावर चाचणीत काय विचारायचं आणि काय दाखवायचं, हे आपोआप ठरत गेलं. त्या बाई संख्याशास्त्राच्या नाहीत, आणि त्याचा मला फायदाच झाला. जिथे त्या अडायच्या, तिथे माझी मुलंही अडणार हे उघड होतं.

व्हिडिओंचा विषय यानंतर निघाला. वर्गातली तासाभराची व्याख्यानं रेकॉर्ड करून त्यांचे तुकडे करावेत, असा माझा बेत होता. त्यांनी २०१४ सालचा फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांचा अभ्यास समोर ठेवला. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या चार अभ्यासक्रमांतली व्हिडिओ पाहण्याची सुमारे ६९ लाख सत्रं या तिघांनी तपासली होती. व्हिडिओ कितीही लांब असला तरी सलग पाहण्याचा मध्यक काळ (निम्मी सत्रं याहून छोटी, निम्मी मोठी) फार तर ६ मिनिटांच्या आसपास होता. मला त्याहून महत्त्वाचा वाटला तो दुसरा निष्कर्ष: वर्गातल्या व्याख्यानाचे तुकडे केले तरी ते मूळातच छोट्या स्वरूपात आखलेल्या व्हिडिओइतके मुलांना धरून ठेवत नाहीत. शिवाय नुसत्या स्लाइडपेक्षा हाताने लिहीत, आकृती काढत समजावलेलं मुलं जास्त वेळ पाहतात. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे आणि किती वेळ पाहिलं यावरून किती शिकले ते कळत नाही, हे मी तिथेच बोलून दाखवलं. त्यांनाही ते मान्य होतं. तरी तुकड्यांचा बेत मी सोडला. आता मी टॅबलेटवर लिहीत शिकवते, एका व्हिडिओत एकच कल्पना, आणि तो संपला की लगेच एक प्रश्न.

त्या प्रश्नाबद्दल कक्षाचा आग्रह ठाम होता आणि मला तो पटला. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं होतं की पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे असतात, पण आठवड्याने विचारलं तर स्वतःला आठवायला लावणारे पुढे जातात. मुलांना हे सांगूनही पटत नाही, कारण पुन्हा वाचताना सगळं येतंय असंच वाटत राहतं. म्हणून प्रश्न व्हिडिओच्या वाटेतच हवा.

कक्षाचं काम सगळ्यात बारकाईने दिसलं ते आलेखांमध्ये. दोन वितरणं मी लाल आणि हिरव्या रेषांनी दाखवत आले आहे. ज्यांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत, त्यांच्यासाठी ती एकच गुंतवळ होते. त्यांनी एक रेषा तुटक करायला लावली आणि नावं कोपऱ्यातल्या सूचीतून काढून थेट रेषेशेजारी आणली. फिक्या राखाडी अक्षरांचा कॉन्ट्रास्ट मोजून ती गडद केली. वेब सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांत साध्या मजकुरासाठी अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या कॉन्ट्रास्टचं किमान ४.५ : १ असं प्रमाण मागितलेलं आहे. मग स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्या दृष्टिहीनांसाठी प्रत्येक आलेखाचं वर्णन लिहायचं होतं. मी लिहिलं, ‘आयतालेख’. एवढ्याने काय कळणार, असं त्यांनी विचारल्यावर मी लिहिलं, ‘बहुतेक गुण डावीकडे गर्दी करून आहेत, उजवीकडे लांब शेपूट आहे, त्यामुळे सरासरी मध्यकाच्या उजवीकडे सरकली आहे.’ ही वाक्यं मी आता डोळसांनाही वाचून दाखवते. आलेख वाचायचा म्हणजे नेमकं हेच करायचं असतं.

अभ्यासक्रम ऑनलाइन चालवायच्या मूडल या प्रणालीच्या बाबतीतही कक्षाचं ज्ञान वरवरचं नाही. मार्टिन डुगियामास यांनी सुरू केलेली ही प्रणाली २००२ पासून आहे आणि मुक्त स्रोत आहे, पण आपल्यापैकी बहुतेकजण तिचा उपयोग पीडीएफ टाकण्यापुरताच करतात. त्यांनी मला ‘कॅल्क्युलेटेड’ प्रकारचे प्रश्न करायला शिकवलं. गणित तेच, पण आकडे प्रत्येकाला वेगळे, आणि उत्तरात किती फरक चालेल ते आपण ठरवायचं. उत्तरं एकमेकांना पाठवण्यात अर्थच राहत नाही. मुलं पाठवतात ती रीत, आणि ते मला हवंच आहे. चाचणीनंतर मूडलचा सांख्यिकी अहवाल कसा वाचायचा, हेही दाखवलं. प्रत्येक प्रश्नाचा सुलभता निर्देशांक मिळतो, म्हणजे त्यात मुलांना सरासरी किती गुण मिळाले ते, आणि भेदन निर्देशांकही, म्हणजे त्या प्रश्नातल्या गुणांचा उरलेल्या चाचणीतल्या गुणांशी सहसंबंध. तो शून्याच्या आसपास किंवा ऋण आला तर आधी प्रश्नाची भाषा तपासावी. विषय कोणताही शिकवत असा, हा अहवाल उघडाच.

आता खटकलेलं. कक्षाचा एक ठरलेला साचा आहे: दर आठवड्याला प्रस्तावना, व्हिडिओ, वाचन, चाचणी, आणि चर्चामंचावर स्वतःची एक नोंद व इतरांच्या दोन नोंदींना उत्तरं. वाङ्मयाच्या अभ्यासक्रमात हे शोभेल. संख्याशास्त्रात ‘मीही सहमत आहे’ छापाच्या उत्तरांचा नुसता ढीग पडतो. गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी २००० साली मांडलेल्या ऑनलाइन शिक्षणाच्या चौकटीत सामाजिक, बोधात्मक आणि अध्यापकीय अशा तिन्ही उपस्थितींना स्थान आहे. पण सामाजिक उपस्थिती म्हणजे मोजून दोन उत्तरं नव्हेत. मी मंच बंद केला आणि प्रत्येक गटाला एकच कच्ची विदा (डेटा) देऊन त्यातल्या विसंगती शोधायला लावल्या. मुलं खरोखर भांडली तिथे. हा बदल मान्य करून घ्यायला मला नको इतका पत्रव्यवहार करावा लागला.

याहून मोठी उणीव म्हणजे अभ्यासक्रम सुरू झाला की डिझायनर पुढच्या प्राध्यापकाकडे जातात. उरते ती तांत्रिक मदत, तीही कार्यालयीन वेळेत, तक्रार क्रमांक घेऊन. मुलं चाचणी सोडवतात रात्री. प्रश्न उघडत नाही म्हणून त्यांचे निरोप मला येतात आणि मी सकाळची वाट बघत बसते. सत्राच्या मध्यावर एक बैठक बांधून दिली, तर पहिल्या काही आठवड्यांचा अहवाल समोर ठेवून पुढचे आठवडे सुधारता येतील. मी हे लेखी कळवलं आहे आणि भेटेन तेव्हा पुन्हा सांगणार आहे. त्या बाईंचं काम इतकं चांगलं आहे की ते अर्ध्यावर थांबू नये असं मला मनापासून वाटतं.

‘ऑनलाइन आम्ही २०२० मध्ये केलंय, कळलं काय असतं ते’ असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन की त्या वर्षी आपण सगळ्यांनी तातडीची सोय केली होती, आखणीला वेळच नव्हता. कक्षाबरोबर केलेलं काम अगदी निराळं आहे. त्यात वेळ भरपूर जातो, आणि विभागप्रमुखांनी तो कार्यभारात धरला पाहिजे, हे आधीच बोलून घ्या. जाताना गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका आणि काही तपासलेल्या उत्तरपत्रिका नावं झाकून न्या. मुलं कुठे चुकतात हे त्यावरून डिझायनरला चटकन दिसतं आणि पहिली बैठक सामान्य चौकशीत वाया जात नाही. व्हिडिओचं रेकॉर्डिंग मात्र घरी शांत खोलीत करा. स्टुडिओची वेळ मिळता मिळत नाही, आणि साध्या कॉलर माइकने आवाज पुरेसा स्वच्छ येतो.