स्कोअरच्या अ‍ॅपसोबत दहा महिने: लुकापासून निकोपर्यंत

मी डॅलसजवळ प्लेनोला राहतो आणि मॅव्हरिक्स या इथल्या बास्केटबॉल संघाचा चाहता आहे. २०२५ मध्ये माझ्या रक्तदाबाचं काय झालं असेल ते यावरूनच ओळखा. जानेवारीत स्कोअर आणि बातम्यांच्या सूचना देणाऱ्या एका अ‍ॅपची वर्गणी भरली. नाव लिहीत नाही, या जातीची सगळी अ‍ॅप्स साधारण सारखीच वागतात.

१ फेब्रुवारी, शनिवार. रात्रीचे अकरा वाजून गेलेले, मी डिशवॉशर लावत होतो. फोन थरथरला: लुका डॉन्चिच लेकर्सकडे, अँथनी डेव्हिस डॅलसला. म्हणजे आमचा सगळ्यात मोठा खेळाडू लॉस एंजेलिसच्या संघाला, त्यांचा डेव्हिस आम्हाला. मी हसलोच. बायकोला म्हटलं, "अ‍ॅप हॅक झालंय बहुतेक." ईएसपीएन या क्रीडावाहिनीचा बातमीदार शाम्स चरानियाने ही बातमी फोडली तेव्हा त्याचंच खातं हॅक झालंय असं कित्येकांना वाटलं, शेवटी बातमी खरी आहे असं त्याला पुन्हा लिहावं लागलं. आठ महिन्यांपूर्वीच संघाला फायनलपर्यंत नेलेला पंचवीस वर्षांचा पोरगा. दुभती म्हैस कोणी बाजारात नेतं का? बदल्यात डेव्हिस, मॅक्स ख्रिस्ती आणि २०२९च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू वाटून घेण्याच्या वार्षिक निवडीत, पहिल्या फेरीतली एक निवड. बस्स.

इथे अ‍ॅपला पैकीच्या पैकी गुण. तासाभरात सौद्याचा हिशोब समजावणारा लेख आला. डॅलसमध्येच राहिला असता तर लुकाला उन्हाळ्यात पाच वर्षांचा सुमारे ३४.५ कोटी डॉलरचा करार मिळू शकला असता, संघ बदलल्यावर तो हक्कच गेला, हे मला तिथे कळलं. झोप गेली ती गेलीच.

तक्रार आहे ती घंटेबद्दल. डेव्हिस पहिल्याच सामन्यात जखमी झाला, तोच आवाज. मार्चमध्ये आमच्याच काइरी अर्व्हिंगचा गुडघा गेला, तोच आवाज. बुटांवर सवलत, तरीही तोच! सौद्यांच्या मुदतीच्या आठवड्यात तर 'चर्चा चालू' आणि 'सौदा झाला' यांत काडीचा फरक नव्हता. दर वेळी काळजात धस्स.

दुसरा त्रास स्ट्रीमचा, पण त्यात अ‍ॅपचा दोष अर्धाच. ९ एप्रिलला लुका लेकर्सच्या जर्सीत डॅलसला आला. माझं प्रसारण सूचनेच्या अर्धा-पाऊण मिनिट मागे, म्हणजे वरातीमागून घोडं. त्याचे ४५ गुण मी आधी फोनवर सोसले, मग पडद्यावर. सामन्याआधी त्याच्या सन्मानार्थ दाखवलेल्या चित्रफितीला तो टॉवेलात तोंड खुपसून रडला, तेवढं मात्र अ‍ॅपने आधी फोडलं नाही. मीही रडलो, लपवण्यात अर्थ नाही. सामना चालू असताना फक्त स्कोअर बंद ठेवायची सोय आहे, पण ती सेटिंगच्या इतक्या आत दडलीय की मला मे उजाडला.

त्याच मे महिन्यात १.८ टक्के शक्यता असताना ड्राफ्टमध्ये पहिली निवड कोणाची हे ठरवणारी लॉटरी डॅलसला लागली, म्हणजे नवख्यांत सगळ्यांना हवा असलेला कूपर फ्लॅग आपला! फेब्रुवारीचा धडा घेऊन मी आधी तीन ठिकाणी खात्री केली, मग ओरडलो.

११ नोव्हेंबरला लुकाचा सौदा करणारा आमचा महाव्यवस्थापक निको हॅरिसनची हकालपट्टी झाल्याची सूचना आली. "फायर निको" हे वर्षभर ओरडून घसा बसलेल्या माणसाला ती ऑफिसच्या पार्किंगमध्ये मिळाली. पाच मिनिटं गाडीतच बसून राहिलो.

वर्गणी जानेवारीत संपतेय. जाहिरातींची घंटा वेगळी करता येईल का, असं विचारून तीन आठवडे झाले. "आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा आहे" एवढंच उत्तर आलंय.