मिरजेची सतार: पावसाळा आणि हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

ही सतार मी पावसाळ्याच्या तोंडावर मिरजेहून ठाण्याला आणली. आता थंडी ओसरत आली आहे. नवं वाद्य घेतल्या घेतल्या माणूस पॉलिशबद्दल, कोरीव कामाबद्दल लिहितो आणि आवाज गोड आहे म्हणतो. मला लिहायचंय ते हे की, या सतारीवर रियाजाला बसल्यावर मन लागतं का, लागलं तर टिकतं का, आणि त्यात वाद्याचा वाटा किती. वाटा बराच मोठा आहे, आणि तो मुख्यतः तरफांचा, म्हणजे मुख्य तारांच्या खाली आपोआप झंकारणाऱ्या बारीक तारांचा आहे.

आधी वाद्याची माहिती. तुणाच्या लाकडाची दांडी, सात मुख्य तारा, तेरा तरफा, खरज-पंचम पद्धतीची, म्हणजे खालच्या सप्तकांच्या जाड ताराही असलेली बांधणी. नक्षी अगदी साधी घेतली. कोरीव कामाने किंमत चढते, आवाजात काही भर पडत नाही. भोपळा सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा-पंढरपूर भागातला. मिरजेत हा व्यवसाय १८५० च्या सुमारास फरीदसाहेबांपासून सुरू झाला असं सांगतात. ते घराणं शिकलगारांचं, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांचं. हत्यारांची मागणी घटली आणि हे हात तंतुवाद्यांकडे वळले. जवारीचं, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा पृष्ठभाग घासून आवाज खुलवण्याचं काम पाहिलं की हा वारसा कळतो. घोडीच्या पाठीवरून कानस आणि पॉलिशपेपर इतक्या हलक्या हाताने फिरतो की काय काढलं ते डोळ्याला दिसत नाही, कानाला तेवढं कळतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते फार योग्य झालं.

आता तरफांविषयी. मुख्य तारांच्या खाली, पडद्यांच्याही (दांडीवरच्या धातूच्या वक्र पट्ट्यांच्या) खालून या बारीक तारा जातात. त्यांची छोटी घोडी वेगळी असते. एरवी त्यांना नखी लागत नाही. वर ज्या स्वराची तार छेडली, त्या स्वरात मिळवलेली तरफ खाली आपोआप बोलते, कारण कंप घोडीतून आणि तबलीतून (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणातून) तिच्यापर्यंत पोचतो. थोडं गुणगुणणं तर कायम चालू असतं. पण स्वर नेमका लागला की ती तरफ ठळक आणि लांब वाजते. किंचित चढा किंवा उतरा लागला की आवाज तिथल्या तिथे आटोपतो.

उदाहरणाला यमन राग घेते. रिषभाच्या पडद्यावर बोट ठेवून तार ओढत गांधारापर्यंत मींड न्यायची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जायचं. मध्ये आधाराला पडदा नाही, खूण नाही. गांधाराच्या जरा अलीकडे थांबलं तर खालून काही येत नाही. तेवढ्यात हात आणखी ओढला आणि स्वर जागेवर बसला की गांधाराची तरफ उठते. बोटालाही तो कंप जाणवतो. नुसतं पडद्यावर वाजवतानाही हे होतं. सतारीचे पडदे उंच आणि वक्र असतात, त्यामुळे बोट जास्त दाबलं तर स्वर चढतो, आणि तरफ ते लगेच सांगते.

क्लासमध्ये आमच्या बाई चूक दाखवतात, पण आठवड्यातून एकदा. इथे प्रत्येक स्वराला त्याच क्षणी उत्तर मिळतं. मिहाय चिक्सेंटमिहाई या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक, शल्यचिकित्सक अशा लोकांशी बोलून ही बुडून जाण्याची अवस्था अभ्यासली. काय करायचं ते स्पष्ट हवं, जमतंय की नाही हे ताबडतोब कळायला हवं, आणि काम आपल्या कुवतीच्या जेमतेम वर हवं, अशा तीन अटी त्यांच्या मांडणीत येतात. पहिली बाईंनी दिलेल्या पलट्यातून (ठरावीक क्रमाने चढत जाणाऱ्या स्वरांच्या सरावातून) भागते, तिसरी मी लयीने सांभाळते, दुसरी मात्र या तरफा भागवतात. या सतारीआधी माझ्याकडे भाड्याची सतार होती. तिच्या तरफा नीट मिळतच नव्हत्या. तिच्यावर मी घड्याळाकडे बघत रियाज करायचे. या सतारीवर घड्याळाची आठवण येत नाही.

बसायची माझी रीत अशी. आधी तरफा रागाच्या स्वरांत मिळवायच्या. याला सहज पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि नव्या शिकणाऱ्यांना तो वेळ वाया गेला असं वाटतं. माझ्या मते रियाज इथेच सुरू होतो. तेरा तारा एकेक करून जुळवताना कान इतका जागा होतो की मग पहिल्या निषादापासूनच मन स्वरात असतं. घाईत तरफा न मिळवता बसले त्या दिवशी हात चालले, मन नाही. यावर माझा इतका विश्वास बसलाय की हातात अर्धाच तास असला तरी निम्मा मी जुळवण्याला देते.

मग एकच पलटा. निरेग, रेगम॑, गम॑प, म॑पध. मिनिटाला साठ मात्रांच्या लयीत, एका मात्रेला एक स्वर. सगळे स्वर तरफांसकट बोलायला लागले की लय चार-पाचने वाढवायची, त्याहून जास्त नाही. लय सोपी पडली की डोक्यात वाणसामानाची यादी सुरू होते. झेपेना झाली की खांदे आखडतात, दात आवळले जातात. या दोन्हींच्या मधली लय रोज वेगळी असते, काल होती ती आज नसते, म्हणून ती रोज नव्याने शोधावी लागते. ती सापडली की थोड्या वेळाने 'आता रे, आता ग' हे मनातलं बोलणं थांबतं. हात पुढचा स्वर घेतो, कान तरफ ऐकतो, आणि मींड कुठे थांबवायची ते ठरवावं लागत नाही. घरातलं कुणी दारात येऊन उभं राहिलेलंही कळत नाही. मसीतखानी गतीतही, म्हणजे तीनतालातल्या संथ बंदिशीतही हे होतं. बाराव्या मात्रेपासून 'दिर दा दिर दा रा दा दा रा' उचलायचं आणि समेवर यायचं. मधली जागा मोकळी असते, तिथे तरफांना बोलायला वेळ मिळतो.

'झाला' म्हणजे वादनाचा शेवटचा द्रुत भाग, त्यात मला हे अजून मिळालेलं नाही. द्रुत लयीत चिकारी (कडेच्या, वरच्या षड्जात मिळवलेल्या तारा सतत छेडणं) इतकी भरून असते की तरफांचा वेगळा आवाज उरत नाही, मग उत्तर कोणाकडून घ्यायचं? तिथे हाताची तयारी आणि तबल्याची संगत लागते. नवी गत पाठ करण्याच्या दिवसांतही मन बाहेरच राहतं. त्या दिवशी नुसतं पाठांतर करून उठावं.

आता वापरातल्या अडचणी. पावसाळ्यात खुंट्या फुगून घट्ट बसल्या, डिसेंबरच्या कोरड्या हवेत त्याच घसरू लागल्या. खडू लावल्यावर थांबल्या. ठाण्याच्या दमट हवेत पोलादी तारांना गंज धरतो, म्हणून वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसून ठेवते. सुरुवातीला रियाज मन उडाल्यामुळे थांबत नव्हता, बोट जळतंय म्हणून थांबत होता. घट्टे पडेपर्यंत हे सोसावंच लागतं. डाव्या बोटाला खोबरेल तेलाचा पुसट हात लावला की मींड सरकते. तंबोरा फोनवर लावत असाल तर फोनची बाकीची सगळी दारं बंद करा. एका मेसेजच्या आवाजाने मोडलेली बैठक त्या दिवशी पुन्हा जमत नाही.

जवारीकडे लक्ष द्यावं लागेल. बाजाच्या, म्हणजे मुख्य वाजवायच्या तारेने घोडीवर चरा पाडलाय आणि आवाज थोडा बंद, म्हणजे दबका झालाय. तार घोडीच्या उतारावर हलकेच घासत राहते म्हणून तो भरलेला, वरच्या स्वरांनी गजबजलेला आवाज येतो. तंबोरा आणि वीणेच्या घोडीवरची ही करामत सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये अभ्यासली होती. उतार बिघडला की वरचे स्वर कमी होतात आणि तरफांनाही कमी खाद्य मिळतं. गेल्या काही आठवड्यांत मन लागायला वेळ लागतोय, त्याचं मुख्य कारण मला हेच दिसतं.

शिकायला सुरुवात करून वर्षभर झालं असेल, स्वर ओळखू येत असतील, तर तेरा तरफांची, खुंट्या नीट फिरणारी सतार जरूर घ्या. अगदी पहिल्या महिन्यातल्या माणसाला एवढ्या तारा जुळवणं जड जाईल, त्याने भाड्याच्या साध्या सतारीवर हात बसवावा. दुकानात गेल्यावर कारागिराला तरफा एखाद्या रागात मिळवून द्यायला सांगा. मग मधल्या सप्तकातला षड्ज जोरात छेडा आणि लगेच तळव्याने वरच्या तारा दाबून बंद करा. खाली जे वाजत राहतं ते किती वेळ टिकतं ते ऐका. प्रत्येक स्वरावर हेच करून बघा, कारण काही सतारींत षड्ज-पंचम छान बोलतात आणि निषाद मुका राहतो. मी दोन सतारींतून निवडली ती याच परीक्षेवर. दुसरीचा आवाज मोठा होता, पण तिचा गांधार टिकत नव्हता.

होळीनंतर जवारी उघडून घ्यायला मिरजेला जाणार आहे. त्यानंतर तरफांत काय फरक पडला ते याच अनुभवाला जोडून लिहीन.