आफ्रिकेतल्या 'अनाथ' छाव्यांना आया होत्या

गेल्या महिन्यात लातूरहून एका ताईंचा फोन आला. फोटोत माझ्या भाचीचं नाव टॅग केलेलं होतं, तिच्याकडून त्यांनी माझा नंबर मिळवला होता. "सिस्टर, तुम्ही दक्षिण आफ्रिकेत सिंहाची पिल्लं सांभाळायला गेला होतात ना? तुमचा फोटो बघूनच मी जायचं ठरवलंय." मग त्यांनी तो फोटो मला पाठवला. माझी जांभळी शाल, शालीच्या आत छातीशी धरलेलं सिंहाचं एवढंसं पिल्लू, आणि माझा चेहरा घरात नातू जन्माला आल्यासारखा. खाली ओळ होती, भारतातली एक परिचारिका अनाथ छाव्यांना जीवदान देताना.

फोटो खरा आहे, जून २०२३ मधला. तो काढून टाका म्हणून मी जाहिरातीत वापरणाऱ्या त्या लोकांना तीनदा लिहिलं, पण तो अजून तिथंच आहे. माझा चेहरा दाखवून आपल्याच माणसांकडून पैसे काढले जातायत हे कळल्यावर गप्प बसवेना, म्हणून झालं ते सगळं इथं लिहिते आहे.

मी मिरजेत २९ वर्षं नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात सिस्टर होते. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा हातात थोडे पैसे होते आणि एकदा तरी परदेश बघायची इच्छा होती. गर्दीतून झेंड्यामागे पळायच्या सहली मला नको होत्या. भाचीने इन्स्टाग्रामवर एक जाहिरात दाखवली. आईविना राहिलेली सिंहाची पिल्लं वाढवायची, मोठी झाली की ती जंगलात सोडली जातात, त्यासाठी जगभरातून स्वयंसेवक येतात. "मावशी, तू आयुष्यभर काचेच्या पेटीतली बाळं सांभाळलीस. हे काम तुझ्यासाठीच आहे बघ." मलाही तसंच वाटलं. त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता.

दोन आठवड्यांचे १४५० डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे १ लाख २० हजार रुपये. विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा वेगळा. सगळं मिळून सव्वादोन लाखांच्या घरात गेलं. पैसे पिल्लं असलेल्या फार्मला थेट जात नव्हते, मधल्या एका कंपनीला जात होते, आणि तिचं बँक खातं तिसऱ्याच देशात होतं. मी विचारलं तर "आमचं मुख्य कार्यालय तिकडे आहे" असं उत्तर आलं. व्हिसा पर्यटक म्हणूनच घ्या, विमानतळावर विचारलं तर सुट्टीवर आलोय एवढंच सांगा, स्वयंसेवेचा उल्लेख करू नका, असंही त्यांनी कळवलं. दक्षिण आफ्रिकेत स्वयंसेवेच्या कामासाठी व्हिसावर तशी परवानगी लागते, हे मला फार उशिरा कळलं. जी संस्था सरकारी अधिकाऱ्यासमोर तुम्हाला खोटं बोलायला सांगते, ती तुमच्याशीही खरं बोलत नसणार. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

मुंबईहून अदिस अबाबा, तिथून जोहान्सबर्ग. विमानतळावरून चारेक तास पिकअपने दक्षिणेला फ्री स्टेट प्रांतात. तिकडे पिकअपला 'बक्की' म्हणतात. जून म्हणजे तिथला ऐन हिवाळा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणी झालेली मक्याची पिवळी रानं, सकाळी गवतावर पांढरं हिव. अभयारण्य म्हणून मनात जे चित्र होतं तसं काहीच नव्हतं. तारेच्या उंच कुंपणांचे चौकोन, एकाला लागून एक, आणि एका बाजूला पत्र्याची शेड. तरी मी मनाशी म्हटलं, दवाखाना कुठं सुंदर असतो?

शेडमध्ये सहा पिल्लं होती. सगळ्यात लहान नर, दहा दिवसांचा, एक डोळा नुकताच उघडलेला. वजन दोन किलोच्या आत. आमच्या पेटीतल्या बाळांएवढंच. माझ्याबरोबर जर्मनी आणि नेदरलँड्समधून आलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली होत्या, मनाने फार चांगल्या. त्या पिल्लांना माणसाच्या बाळासारखं उताणं धरून बाटलीने पाजत होत्या, कारण त्यांना तसंच दाखवलं होतं आणि फोटोही तसाच छान येतो. त्या लहानग्याच्या नाकातून दूध येत होतं, पाजल्यावर तो खोकत होता. मांजराच्या जातीचं पिल्लू पोटावर असताना, मान जरा वर करून पितं. उताणं पाजलं की दूध फुप्फुसात जाऊ शकतं. मी सगळ्यांना पालथं धरून पाजायला शिकवलं. दूध पाजल्यावर कोमट ओल्या कापसाने पोटाखाली पुसायचं, तेव्हाच ती शू करतात, हेही कुणी सांगितलेलं नव्हतं. सिंहीण हे काम जिभेने करते.

त्या वर्षी तिथं रोज भारनियमन होतं. वीज गेली की उबेचा दिवा बंद. दुसऱ्या रात्री शेडमध्ये गेले तर तो लहानगा गार पडत चालला होता. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाला आम्ही आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून ठेवतो, कांगारू मदर केअर म्हणतात त्याला. मी तेच केलं. स्वेटरच्या आत घेतलं, वरून शाल गुंडाळली आणि पहाटेपर्यंत भिंतीला टेकून बसले. त्याची नखं शालीत अडकत होती. उजाडायच्या सुमाराला तो माझा अंगठा चोखायला लागला तेव्हा मला रडू आलं. तो फोटो त्या सकाळचा आहे.

आमच्या विभागात बाळाला नाव नसतं. त्याच्या पायातल्या पट्टीवर आईचं नाव असतं, सुनीताचं बाळ, रेश्माचं बाळ. आई कोणती हे पहिलं लिहायचं, मग बाकी सगळं. त्या सवयीने मी विचारलं, "याची आई कशाने गेली?" कोऑर्डिनेटर म्हणाली, तिने टाकून दिलं. "आणि या दोघींची?" तिनेही टाकून दिलं. सहा पिल्लं, तीन आया, तिघींनीही टाकलं? २९ वर्षांत बाळ टाकणाऱ्या आया मी पाहिल्यात, पण त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्या वाटी-चमचा हातात धरून दाराशी ताटकळत उभ्या असतात.

रात्री मागच्या कुंपणांकडून आवाज यायचा. डरकाळी नव्हे. घशातून काढलेला, तुटक, हळू आवाज, थांबून थांबून, तासन् तास. तिकडे स्वयंसेवकांना जायला बंदी होती. आवाज आला की शेडमधली पिल्लं माना वर करायची.

दूध तयार करायच्या खोलीत खिळ्याला एक निळी वही टांगलेली होती. पाजण्याच्या वेळा त्यातच लिहायच्या. पाचव्या दिवशी मी मागची पानं उलटली. सिंहिणीचा नंबर, जन्मतारीख, पिल्लांची संख्या, आणि शेवटच्या रकान्याचं शीर्षक 'पुल्ड'. म्हणजे ओढून काढलेली. जन्मानंतर चौथा दिवस, तिसरा दिवस, पाचवा दिवस. माझ्या लहानग्याची आई १४ नंबरची. तिच्या नावावर ऑगस्टमध्ये तीन पिल्लं, जानेवारीत दोन, आता जूनमध्ये पुन्हा तीन. दहा महिन्यांत तीन बाळंतपणं.

सिंहिणीचे दिवस साडेतीन महिन्यांत भरतात. जंगलात ती पिल्लांना सहा-आठ महिने पाजते, जवळपास दोन वर्षं जवळ ठेवते, तोवर बहुधा पुन्हा गाभण राहत नाही. पिल्लं काढून घेतली की मात्र थोड्याच आठवड्यांत माजावर येते. म्हणून काढून घेतात. ही गोष्ट मला कुणी समजावून सांगावी लागली नाही, वहीतल्या तारखांनीच सांगितली. मी तिथंच स्टुलावर बसले. आपल्याकडे जुन्नरला, निफाडला, आता आमच्या शिराळ्याकडेही ऊसतोडीत बिबट्याची बछडी सापडतात. वनखात्याची माणसं ती बछडी त्याच फडात क्रेटमध्ये ठेवून रात्रभर लांब थांबतात, आई येऊन घेऊन जावी म्हणून. आणि इथं मी पैसे भरून, आईपासून तोडलेली पिल्लं मांडीवर घेऊन बसले होते.

शनिवार-रविवारी पर्यटक यायचे. मिनिटांच्या हिशेबाने पैसे देऊन पिल्लं हातात घ्यायचे. झोपेने पेंगुळलेली पिल्लं आम्हीच उठवून आणायची. जरा मोठं पिल्लू नख मारायला गेलं की नाकावर काठीने टिचकी मारायची, हे आम्हाला प्रशिक्षण म्हणून शिकवलं होतं.

मांस आणणारा एक म्हातारा कामगार होता, खांद्यावर तिथल्या बासोथो लोकांचं जाड ब्लँकेट. तिकडे वयाने मोठ्या बाईला 'टानी' म्हणतात, म्हणजे आपली मावशीच. मी त्याला विचारलं, ही मोठी झाल्यावर कोणत्या जंगलात सोडतात? त्याने हातातलं घमेलं खाली ठेवलं. "टानी, तू इथं एक तरी म्हातारा सिंह पाहिलास?" मी नऊ दिवसांत पाहिलेले सगळे सिंह आठवले. पिल्लं होती, वर्षा-दोन वर्षांचे होते, माजावरच्या माद्या होत्या. पूर्ण आयाळीचे नर एका कुंपणात दोनच, आणि त्यांच्या फाटकावर नवा कागद लावलेला. वाहतुकीचा परवाना. "आयाळ भरली की जातात," तो म्हणाला, आणि बोटाने बंदुकीचा घोडा ओढल्याची खूण केली.

हा धंदा तिथं लपूनछपून चालत नाही. जवळपास आठ हजार सिंह तिथं ३०० हून जास्त ठिकाणी पिंजऱ्या-कुंपणांत आहेत, मोकळ्या जंगलात त्याच्या निम्मेही नाहीत. लहानपणी फोटोसाठी, जरा मोठे झाले की 'सिंहाबरोबर चाला' म्हणून, आणि मग कुंपणातल्या कुंपणात शिकाऱ्याला विकायचे. माणसाच्या हातचं दूध प्यायलेला सिंह माणूस दिसल्यावर पळत नाही, जवळ येतो. शेवटी सांगाडा. वाघाच्या हाडांना पर्याय म्हणून ती हाडं आग्नेय आशियात जात. २०१७ साली सरकारने ८०० सांगाडे निर्यात करायची परवानगी दिली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने हा कोटा बेकायदा ठरवला, कारण तो ठरवताना प्राण्यांच्या हालांचा विचारच केलेला नव्हता. मे २०२१ मध्ये तिथल्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री बार्बरा क्रीसी यांनी तज्ज्ञ समितीच्या शिफारशीवरून हा व्यवसाय बंद करणार असं जाहीर केलं. मी त्यानंतर दोन वर्षांनी गेले. २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने धोरणही मंजूर केलं. तरी लातूरच्या ताईंना जाहिरात आत्ता आली.

आणि जंगलात सोडण्याचं म्हणाल तर हातावर वाढलेला सिंह जंगलात सोडता येत नाही. तिथल्या लहान, कुंपणबंद अभयारण्यांत उलटी अडचण आहे. सिंह जागेपेक्षा जास्त होतात म्हणून सिंहिणींना गर्भनिरोधक द्यावं लागतं. हे मला आधी माहीत असतं तर 'जंगलासाठी पिल्लं वाढवतो' हे वाक्य ऐकताच मी जाहिरात बंद केली असती.

नवव्या दिवशी मी निघाले. कोऑर्डिनेटरला वहीबद्दल विचारलं तेव्हा ती आधी हसली, मग म्हणाली, सोशल मीडियावर काही लिहिलंत तर वकिलाची नोटीस येईल. उरलेल्या दिवसांचे पैसे मागितले तर "तुम्ही स्वखुशीने कार्यक्रम सोडलात" असं मेलवर उत्तर आलं. बँकेने सांगितलं, तुम्ही स्वतः फॉर्म भरून पैसे पाठवलेत, सेवा मिळालीही आहे, परत मागवता येणार नाहीत. सायबर फसवणुकीसाठी असलेल्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथल्या मुलाने नीट ऐकून घेतलं, पण पैसे गेल्या गेल्या फोन केला तर ते मधेच अडवता येतात, मी दीड महिन्याने केला होता.

लातूरच्या ताईंनी मला विचारलं, मग खरी संस्था ओळखायची कशी? मी त्यांना दोनच प्रश्न दिले, मेलवर विचारा म्हटलं. तुमच्याकडे पिल्लं जन्मतात का, आणि स्वयंसेवकांना प्राण्याला हात लावू देता का? खऱ्या निवाऱ्यात प्रजनन होऊ देत नाहीत. त्याच फ्री स्टेटमध्ये बेथलेहेमजवळ लायन्सरॉक म्हणून जागा आहे, सर्कशी आणि प्राणिसंग्रहालयांतून सोडवलेले सिंह तिथं मरेपर्यंत राहतात, आणि त्यांना कुणी हात लावत नाही. ताईंना त्या कंपनीचं उत्तर दोन दिवसांनी आलं. पिल्लांना मायेच्या स्पर्शाची गरज असते, असं. त्यांनी २५ हजार आगाऊ भरले होते, ते गेले. बाकीचे वाचले.

फोन ठेवताना त्या म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्या शालीतलं ते पिल्लू आता कुठं असेल हो?"

१४ नंबरचं बाळ, नर, जन्म जून २०२३. अजून असेल. आयाळ पूर्ण भरायला चार-पाच वर्षं लागतात.