बाबांची मॉरिस, साडेअकरा लाखांचा कागद आणि माझे ५८,०६० रुपये

जुन्या गाडीचा खोटा विमा गळ्यात मारणाऱ्या एका माणसापायी माझे एकूण ५८,०६० रुपये गेले. मूल्यांकनाचे १७,७००, फाईलचे ८,५०० आणि विम्याच्या हप्त्याचे ३१,८६०. आकडे आधीच सांगून टाकतो, कारण जो भेटतो तो "किती गेले?" हेच पहिलं विचारतो आणि ऐकून "एवढेच ना?" म्हणतो. एवढेच नाहीत. ज्या गाडीसाठी हे पैसे भरले ती जुलैत चिऱ्यांच्या भिंतीखाली चेपली आणि तिच्या दुरुस्तीला विम्याचा एक पैसा मिळणार नाही.

गाडी १९५८ ची मॉरिस मायनर १०००. चार दारांची, राखाडी, ९४८ सीसी. आजोबांनी पोर्तुगीज राजवटीत नवी कोरी घेतलेली. मुक्तीनंतर तिला जीडी सिरीजचा, म्हणजे गोवा-दमणचा जुना नंबर मिळाला, तोच आजही आहे. १९८६ च्या जुलैत मांडवीचा पूल कोसळला तेव्हा बाबा ही गाडी बेतीला फेरीबोटीत चढवून रोज पणजीला कामावर नेत. दोन दारांच्या मधल्या खांबातून साईड दाखवायचा छोटा पिवळा हात ‘टक्’ करून बाहेर येतो, ते बघायला लहानपणी आम्ही पोरं मागच्या सीटवर भांडायचो. पावसाळ्यात उजवा हात अडकायचा. मग बाबा खांबावर मुठीने एक ठोसा द्यायचे की तो उघडायचा.

ही गाडी आम्ही कधी रिस्टोअर केली नाही. डावं मडगार्ड एकदा रंगवलं, बाकी रंग कंपनीचा. सीटचं रेक्झिन फाटलंय, फूटबोर्डला गंज आहे. भाचा कायम म्हणायचा, "मामा, कोल्हापूरला देऊया, चकचकीत करून आणतील." मी नाही म्हणालो. आजही नाहीच म्हणेन.

आता विम्याचं. पाच वर्षांच्या आतल्या गाडीला घसाऱ्याचा ठरलेला तक्ता असतो. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, पाचव्या वर्षाअखेर ५० टक्के, त्यावरून आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, निघतो. पाच वर्षांपुढे तक्ता संपतो. पुढची किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात माझ्यासारखा माणूस सहासष्ट वर्षांची गाडी घेऊन गेला की एजंट वरून खालून बघतो आणि म्हणतो, "थर्ड पार्टी करा आणि गप्प बसा." म्हणजे फक्त दुसऱ्याचं नुकसान भरणारा विमा, आपल्या गाडीला काही नाही. एकाने ३०,००० आयडीव्ही सांगितला. दुसरा म्हणाला, भंगाराच्या भावाने धरू. भंगार! त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही. हे सांगतोय ते एवढ्यासाठी की, पुढे आलेला माणूस नेमक्या याच जखमेवर हात ठेवून आत शिरला.

गेल्या वर्षी चवथ आटोपली आणि दोन आठवड्यांनी तो आला. ओळखीतून आला, हेही सांगायला हवं. मी रस्त्यावरच्या माणसाला घरात घेणारा नाही. एकतीस वर्षं सरकारी नोकरीत व्हाऊचरं तपासली आहेत, एका सहीसाठी लोकांची बिलं परत पाठवली आहेत. जुन्या गाड्यांच्या रॅलीत भेटलेल्या एका ओळखीच्याने नंबर दिला, तोही बिचारा फसलेला निघाला.

माणूस तिशीचा, स्वच्छ मराठी बोलणारा. आल्या आल्या "काका" म्हणाला, गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाला, "काका, हिला कुणी हात लावलेला नाही. हीच हिची किंमत. रंगवून टाकली असती तर निम्मी गेली असती." इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं. वाईट असं की त्यात तथ्य आहे. मूळ रंग, मूळ इंजिन, मूळ काचा असलेल्या गाडीला जाणकार मान देतात, कारण मूळपण एकदा पुसलं की परत आणता येत नाही. खरं वाक्य पुढे ठेवून त्याने खोटा कागद मागून सरकवला.

वीस मिनिटांत त्याचं काम झालं. मोबाईलवर फोटो काढले. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली नाही. गाडीखाली वाकून बघितलं नाही, मॅट उचलून पत्रा दाबून पाहिला नाही. मॉरिस मायनर गंजते ती खालून. आतला पत्रा आणि दारांखालचे पट्टे आधी खलास होतात, हे कुठलाही जुना मेकॅनिक सांगेल. बायको आतून म्हणाली, "एवढ्यात झालं?" मी तिलाच गप्प केलं.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला, चौदा पानी, रंगीत, सोनेरी शिक्क्याचा. किंमत ११,५०,०००. मी तो आकडा तीनदा वाचला.

आणि तिसरं पान. त्या पानावर गाडीचा समोरून काढलेला फोटो होता आणि त्या गाडीची पुढची काच दोन तुकड्यांची होती, मध्ये उभी पट्टी. ज्याला मॉरिस मायनर माहीत आहे त्याला यापुढे काही सांगायला नको. दोन तुकड्यांची काच १९५६ पर्यंतच्या गाड्यांना. मायनर १००० आली ती सलग एका काचेची. म्हणजे तो फोटो माझ्या गाडीचा नव्हताच. मला ते दिसलं. नजरेतून सुटलं असतं तर आज स्वतःला माफ केलं असतं, पण मला ते स्पष्ट दिसलं. त्याच पानावर इंजिन १०९८ सीसी लिहिलेलं, आरसी बुकात ९४८. तेही दिसलं. मी फोन केला, तो म्हणाला, "काका, तो नमुन्याचा फोटो आहे, फायनल कॉपीत बदलतो." मी "बरं" म्हणालो. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या बिलातला एका रुपयाचा फरक पकडणारा माणूस "बरं" म्हणाला, कारण त्याच पानाच्या खाली साडेअकरा लाख लिहिले होते आणि मला ते गमवायचे नव्हते. गेले कित्येक महिने रात्री जाग आली की हेच पान डोळ्यांसमोर येतं.

पुढचं नेहमीचंच. रिपोर्टचे १७,७०० जीपेने, "हेरिटेज फाईल" आणि क्लबच्या सर्टिफिकेटचे ८,५०० रोख, मग "अ‍ॅग्रीड व्हॅल्यू" पॉलिसीचा, म्हणजे आधी ठरवलेल्या किमतीच्या विम्याचा, हप्ता ३१,८६०, तोही जीपेने, एका बाईच्या खात्यात. "आमच्या ऑफिसच्या मॅडम." विम्याचा हप्ता कंपनी सोडून कुणाच्याही खात्यात जाता कामा नये. कंपनीच्या हातात हप्ता पोचल्याशिवाय जोखीम सुरूच होत नाही, कायदाच तसा आहे. हे मला माहीत होतं, तरी पाठवले.

वाहनांच्या सरकारी अ‍ॅपवर पॉलिसी शोधली तर काही सापडेना. त्याचं उत्तर तयार होतं: "जुनी जीडी सिरीज आहे काका, बॅकलॉग एंट्री नाही." म्हणजे जुनी नोंद कॉम्प्युटरवर चढवलेलीच नाही. जुन्या नंबरांचं असं खरंच होतं, म्हणून पटलं. पण कंपनीच्या वेबसाईटवर पॉलिसी नंबर टाकून बघायला मला कुणी अडवलं होतं? पीडीएफवरचा क्यूआर कोड स्कॅन करायला काय लागतं? ज्यांच्या घरी आज अशी पीडीएफ पडली आहे त्यांनी पुढचं वाचण्याआधी तो कोड स्कॅन करून यावं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस तीन दिवस थांबला नाही. शेडची मागची भिंत भिजून फुगली आणि पहाटे गाडीवर बसली. टप, पुढची काच, उजवा खांब, सगळं आत गेलं. साईडचा तो हात खांबात चेपून राहिलाय. चिरे उचलताना मी मुलीला फोन केला, "घाबरू नको, फुल इन्शुरन्स आहे."

कंपनीच्या हेल्पलाईनवरची मुलगी नम्रपणे म्हणाली, "सर, तुमची फक्त थर्ड पार्टी पॉलिसी आहे." नंबर तोच, नाव माझंच. खरी पॉलिसी ऑनलाईन काढलेली, मोबाईल नंबर आणि ईमेल दुसऱ्याच कुणाचे. १००० सीसीपर्यंतच्या खाजगी गाडीचा थर्ड पार्टी दर तेव्हा २,०९४ रुपये, जीएसटी धरून २,४७१. माझ्या ३१,८६० मधले कंपनीकडे गेले ते एवढेच, उरलेले २९,३८९ त्याचे. माझ्याकडच्या पीडीएफमध्ये त्याच पॉलिसीवर आकडे बदलून ११,५०,००० घातले होते.

माझ्या मुलीने मग नियम काढून दाखवला. मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे गाड्यांच्या विम्याच्या नियमावलीत, अ‍ॅग्रीड व्हॅल्यू पॉलिसी व्हिंटेज गाड्यांपुरती होती, आणि तिथे व्हिंटेज म्हणजे ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने तसा दाखला दिलेली. १९५८ ची गाडी त्यात बसतच नाही. २०२१ चा केंद्राचा नियम वेगळा. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, नोंदणी दहा वर्षांची आणि फी २०,०००. पण तो नोंदणीचा नियम आहे. त्याने गाडीची किंमत ठरत नाही, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. हा माणूस त्या व्हीए नंबरचेही ४५,००० मागत होता. तेवढे वाचले, कारण तेव्हा शेडच्या पत्र्यांना पैसे लागले होते.

आता तक्रारीचं. पहिल्या पोलीस स्टेशनवर हवालदाराने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे सिव्हिल मॅटर." बनावट पॉलिसी छापणं सिव्हिल मॅटर! मग म्हणाला, पैसे जीपेने गेले ना, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, माणूस घरी येऊन गेला ना, मग ऑनलाईन फसवणूक कशी, तुमच्या स्टेशनला जा. पुन्हा पहिल्या ठिकाणी. तिथे साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी साहेब आहेत, पण मीटिंगमध्ये. तिसऱ्या दिवशी साहेबांनी गाडीचा फोटो बघितला आणि शेजारच्याला म्हणाले, "ह्याचे साडेअकरा लाख?" दोघे हसले. मी सदुसष्ट वर्षांचा माणूस, भिजलेली छत्री हातात धरून त्यांच्यासमोर उभा होतो आणि बसा म्हणायचंही कुणाला सुचलं नाही. तक्रारीच्या प्रतीवर पोच द्यायलाही तयार नव्हते. "ठेवून जा, बघतो."

शेवटी मुलीने भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) आणि बनावट दस्तऐवजाची कलमं घालून तक्रार लिहिली आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवली. स्टेशन एफआयआर घेत नसेल तर हाच रस्ता, आणि तो आम्हाला कुणी खाकीवाल्याने सांगितला नाही. पोस्टाची पावती जपून ठेवा, पोच मिळाली तर तिचा फोटो काढा.

विमा कंपनीच्या शाखेत चार फेऱ्या. "तो आमचा एजंट नाही." अहो, पण पॉलिसी तुमचीच आहे, तुमच्याच पोर्टलवरून निघाली, मग ज्या मोबाईलवरून निघाली तो नंबर तरी पोलिसांना द्या! "लेखी द्या." लेखी दिलं. पंधरा दिवसांनी ईमेल आला, तक्रार निकाली काढण्यात आली आहे. काय निकाली काढलं, कुणी काढलं, त्यावर एक ओळ नाही. फोन केला की नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा. माझी गाडी, माझा पैसा, माझी सही, आणि प्रत्येक खिडकीवर मीच आरोपी असल्यासारखे प्रश्न.

कंपनी दाद देत नसेल तर विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या इर्डाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका आणि महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा, तिथे फी लागत नाही. जीपेने पैसे गेले असतील तर त्याच दिवशी, त्याच तासाला सायबर फसवणुकीचा हेल्पलाईन नंबर १९३० लावा. मी दहा महिन्यांनी लावला, तोवर ते खातं रिकामं होतं.

ऑगस्टमध्ये इर्डाच्या यादीत नाव बघून परवानाधारक सर्व्हेअर बोलावला, हे आधीच करायला हवं होतं. साठीचे गृहस्थ. आल्यावर पहिल्यांदा जमिनीवर गोणपाट पसरलं आणि चेपलेल्या गाडीखाली सरकले. चासी नंबरवर पेन्सिल घासून कागदावर ठसा घेतला, आरसी बुकाशी ताडला. आतला पत्रा स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहिला, भुगा पडला तो मला दाखवला. बाबांच्या वेळचे फोटो आणि गॅरेजच्या जुन्या पावत्या मागितल्या. अडीच तास लागले. भिंत पडण्याआधीची किंमत त्यांनी २,८०,००० लिहिली आणि प्रत्येक आकडा कुठून आला ते पानावर मांडलं. ऐकून वाईट वाटलं, पण वाद घालायला जागा नव्हती. जो मूल्यांकन करणारा गुडघे मातीला न लावता लाखांची भाषा करतो त्याला चहासुद्धा देऊ नका.

त्या भामट्याचा फोन अजून चालू आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बदललाय, आता हिरवी फियाट आहे, म्हणजे सध्या कुणीतरी फियाटवाला त्याच्या हाती लागलाय. उत्तर गोव्यात, सिंधुदुर्गात ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी रिपोर्टातला फोटो आणि आपली गाडी शेजारी शेजारी धरून बघा.

परवा स्टेशनवरून फोन आला. पीडीएफची रंगीत प्रिंट आणि आरसी बुकाची झेरॉक्स पुन्हा हवी आहे. ही चौथी वेळ. सोमवारी जाणार आहे, मुलीला घेऊन.