हॅम-चीज स्लायडर खळ्यात करायचे तर: ओव्हन, तवा की कोळशाची शेगडी?

मे महिना लागला आणि सावंतवाडी स्टेशनावर मुंबईच्या गाड्या रिकाम्या व्हायला लागल्या की आमच्या वेंगुर्ल्याच्या घरात माणसं मोजायचं सोडून द्यावं लागतं. एका वर्षी पुतण्याचा आधीच फोन आला. "काकी, मॅचच्या रात्री वडे-सागोती नको हां. तू बार्बेक्यू हॅम-चीज स्लायडर कर." वडे-सागोती नको म्हणणारा आमच्या घराण्यातला हा पहिलाच. पण मुलांची हौस म्हणून केले, आणि त्या सुट्टीत एकदा सोडून तीनदा केले: एकदा ओव्हनात, एकदा तव्यावर, एकदा खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, कोळशाच्या शेगडीवर. पंधरा-वीस माणसं येणार आहेत आणि यातली कुठली वाट धरावी हे ठरत नाही, अशा कुणासाठी हे लिहिते आहे.

स्लायडर म्हणजे दोन-तीन घासांत संपणारा छोटा बर्गर. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावी १९२१ साली व्हाइट कॅसल नावाचं दुकान निघालं, तिथे पाच सेंटला एक असे छोटे चौकोनी बर्गर मिळायचे. तिथून या आकाराची चटक लागली. हॅम-चीजचा प्रकार त्याहून सोपा. एकमेकांना चिकटलेल्या गोडसर रोलची लादी आडवी चिरायची, मध्ये हॅम, चीज आणि सॉस भरायचा, वरून लोणी फासायचं आणि अख्खी लादी भाजून मग सुटी करायची. ते गोडसर रोल म्हणजे हवाईयन रोल. पोर्तुगीज मजुरांनी आपला गोड पाव हवाई बेटांवर नेला, त्याचं हे पुढचं रूप. आपल्या 'पाव' या शब्दाचं माहेरही पोर्तुगीजच. म्हणजे त्यांचा रोल आणि आपला लादीपाव ही एकाच आजीची नातवंडं आहेत, आणि म्हणूनच हा पदार्थ आपल्याकडे आणताना पावाचं अडत नाही.

गोडव्याचं तेवढं बघावं लागतं. लादीपाव अळणी, हवाईयन रोल गोड. बेकरीतला गोड बन घेऊन पाहिला, तो इतका भुसभुशीत निघाला की सॉस लागताच त्याचा लगदा झाला. लादीपावच बरा. वरून फासायच्या लोण्यात चमचाभर मध किंवा बारीक किसलेला गूळ मिसळला की ती उणीव भरून निघते. सकाळी पोंय पोंय करत येणाऱ्या पाववाल्याकडचे पाव मात्र संध्याकाळी वापरायला घ्यावेत, लगेच नाही. गरम पाव सुरीखाली दबतो, चिरत नाही. कडक उंडेही करून बघितले. चव सुंदर, पण म्हाताऱ्या माणसांच्या दातांचा विचार करा.

आता मुख्य प्रश्न, भाजायचे कशावर. मी आधी चवीवरून ठरवत होते. तीनदा केल्यावर कळलं की विचारायचं ते वेगळंच: तुमची माणसं एकदम येणार की एकेक करून?

वाढदिवस असेल, केक कापल्याबरोबर सगळ्यांच्या हातात बशी हवी असेल, तर ओव्हनला तोड नाही. १८० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवायचा, भरलेल्या लाद्यांवर फॉइल घालून बारा ते पंधरा मिनिटं, मग फॉइल काढून चार-पाच मिनिटं. चीज वितळतं, वरचा पाव खरपूस होतो, कडेचा सॉस थोडा आटतो. तुम्ही तेवढ्या वेळात माणसांत बसू शकता, हा मोठा फायदा. पण आपल्या घरात असतो तो छोटा ओटीजी. त्याच्या ट्रेमध्ये सहा पावांच्या दोन लाद्या कशाबशा बसतात, म्हणजे एका खेपेला बारा. चोवीस हवे तर दोन खेपा. दुसरं म्हणजे वीज. हा डबा दीड-दोन हजार वॅट ओढतो, पंख्या-दिव्यांसाठी घेतलेला इन्व्हर्टर त्याच्यासमोर हात टेकतो. आमच्याकडे पहिल्या खेपेला आठ मिनिटं झाली आणि वळवाचा गडगडाट होऊन वीज गेली. लाद्या उचलून तव्यावर ठेवल्या. तव्याची पद्धत मला अशी सापडली, शोधून नव्हे.

तवा बिडाचा हवा, घावणे घालतो तोच चालतो. पातळ तव्यावर पाव करपतो आणि आतलं चीज थंडच राहतं. मंद आच, थोडं लोणी, लादीचे तीन-तीन पावांचे तुकडे करून ठेवायचे आणि वर झाकण. पाच-सहा मिनिटांत चीज बसतं. मग अलगद उलटून वरची बाजू मिनिटभर. दोन गोष्टी इथे सांभाळाव्या लागतात. झाकणाला वाफ धरते आणि ते पाणी टपटप पावावर पडतं, म्हणून झाकणाला स्वच्छ पंचा बांधायचा, टोकं वर घेऊन गाठ मारायची, नाहीतर ती गॅसवर लोंबतात. आणि सॉस आतच लावायचा. बार्बेक्यू सॉसमध्ये साखर-गूळ भरपूर, तो थेट तव्याला लागला की क्षणात काळा पडतो आणि पुढच्या प्रत्येक खेपेला कडवट वास देत राहतो. ओव्हनात वरून सॉस फासण्याची जी चैन करता येते ती इथे नाही.

तव्याचा खरा गुण मात्र वेगळा. आमच्याकडे सातला या म्हटलं की पहिला माणूस पावणेसातला येतो, शेवटचा नऊला, आणि मधल्या वेळात कोण तरी 'जरा तिठ्यावर जाऊन येतो' म्हणून गायब. वीज गेली त्या रात्री एकदमच भाजून ठेवलेल्या चोवीस स्लायडरांपैकी दहा गार होऊन वातड झाले होते. तव्यावर जो आला त्याला तीन, गरम. भरलेल्या लाद्या झाकून फ्रिजमध्ये, एकेक काढायची. कष्ट अर्थातच करणाराचे. मॅचची शेवटची चार षटकं मी आवाजावरून पाहिली.

शेगडीचं काय सांगू? फोटो तिचेच छान आले. बार्बेक्यू हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या बार्बाकोआवरून स्पॅनिशमार्फत आला. मांस लाकडाच्या चौकटीवर मंद आगीत भाजायची ती तऱ्हा. आपल्या स्लायडरांत बार्बेक्यू असतो तो फक्त सॉसच्या बाटलीत. त्यामुळे शेगडीवर केले की नावाला जागल्यासारखं वाटतं. पण हॅम आधीच शिजलेलं असतं, चीज दोन मिनिटांत वितळतं, पाव एका मिनिटात करपतो. मंद धूर मुरायला वेळच मिळत नाही. आम्ही करवंट्या घातल्या, त्या भडकून पेटल्या आणि पहिली लादी थेट कोंबड्यांना गेली. करवंट्या वापरायच्याच तर जाळ विझून निखाऱ्यावर पांढरी राख धरेपर्यंत थांबायचं आणि निखारे एका बाजूला सारून लादी दुसऱ्या बाजूला ठेवायची. शिवाय खाडीवरून वारा सुटला की राख उडते आणि ती नेमकी चीजवर बसते.

एक युक्ती मात्र शेगडीवरच जमली आणि ती मी सोडणार नाही. फॉइलऐवजी लादी केळीच्या पानात गुंडाळायची. पान आधी आचेवर फिरवून मऊ करून घ्यायचं, म्हणजे घडी घालताना फाटत नाही. बाहेरून पान करपतं, आत वाफ कोंडते आणि पावाला पातोळ्यांच्या आसपासचा, पण धुरकट असा वास येतो. माझी जाऊ एरवी परक्या पदार्थाला नाक मुरडते, तीसुद्धा म्हणाली, "ह्यो बरो लागता." पाच-सहा माणसं असतील आणि शेगडीपाशी उभं राहायची हौस असलेला कुणी एक असेल, तर जरूर करा. वीस माणसांना नको.

आता हॅम. इथे निवड चवीइतकीच माणसांची आहे. खरं हॅम म्हणजे डुकराच्या मागच्या मांडीचं, मिठात मुरवलेलं, बहुधा धुरावलेलं मांस. आमच्याकडचे ख्रिस्ती शेजारी ते आवडीने खातात. पुष्कळ हिंदू घरांत ते चालत नाही, मुसलमान शेजाऱ्यांना तर नाहीच. चिकन हॅम तालुक्याच्या कोल्ड स्टोरेजमध्येही मिळून जातं, पोर्क हॅमसाठी आम्ही सातार्ड्यावरून म्हापशाला जातो. चवीत फरक आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पोर्क हॅमला थोडी चरबी असते, ती वितळून पावात मुरते, धुराचा वासही असतो. चिकन हॅम हे दाबून बसवलेलं मांस, त्यात पाणी जास्त. तापलं की ते पाणी सुटतं आणि खालचा पाव ओला होतो. उपाय सोपा: चकत्या भरण्याआधी कोरड्या तव्यावर मिनिटभर परतायच्या, कडा किंचित लाल होईपर्यंत. एवढं केलं की सॉसमध्ये फरक निम्मा झाकला जातो.

मिश्र मंडळी असतील तर मी सरळ चिकन घेते. दोन्ही करायचे तर दोन तवे, दोन उलथणी, दोन ताटं, आणि कुठल्या ताटात काय आहे ते मोठ्याने सांगायचं. 'कळणार नाही कुणाला' हा विचारही मनात आणू नये. चिकन असलं म्हणून हलाल असतंच असं नाही, पाकिटावर बघून घ्या किंवा पाहुण्यांना आधी विचारा. सोमवार-संकष्टी पाळणाऱ्यांसाठी झाडावर एखादी उशिराची फणसाची कुयरी मिळाली तर ती उकडून, कुस्करून, त्याच सॉसमध्ये परतायची. पनीरपेक्षा कितीतरी सरस, तिचे रेषे मांसासारखेच सॉस धरतात.

आणताना थंडावा सांभाळा. हॅम पाच अंशांखाली राहायला हवं. म्हापशाहून येताना मी शहाणपणाने बर्फ भरून थर्माकोलचा डबा नेला होता, तो मासळीचा निघाला. धुतलेला होता, तरी हॅमला बांगड्याचा वास लागला तो लागलाच. टेबलावर मांडून ठेवण्याचंही तेच. एरवी अशा पदार्थाला बाहेर दोन तासांची मुभा धरतात, पण हवा ३२ अंशांवर गेली की एकच तास. मे महिन्यात आपल्याकडे तोच हिशेब धरा. हाही तव्याच्या बाजूचा मुद्दा.

सॉस बाटलीतला की घरचा? बाटलीतला चालतो, पण बहुतेक फार गोड असतात. एक चमचा कोकमाचं आगळ टाकलं की ताळ्यावर येतात. घरचा करायला अर्धा तास लागतो: सहा टोमॅटो उकडून, वाटून, गाळून घ्यायचे. लोण्यावर भरपूर लसूण, त्यात तो रस, अर्धी वाटी गूळ, दोन चमचे काश्मिरी मिरचीपूड, मिरी, चमचाभर मोहरीची पूड, आणि व्हिनेगरऐवजी दोन ते तीन चमचे कोकम आगळ. चमच्याला धरेपर्यंत आटवायचा. आगळ म्हणजे मिठातला कोकमाचा रस, सरबताचं गोड सिरप नव्हे. ही गफलत झाली की सॉसचा जॅम होतो. आगळात मीठ, हॅममध्ये मीठ, चीजमध्ये मीठ, म्हणून सॉसला वेगळं मीठ अजिबात नको. आंबट आहे तेव्हा अॅल्युमिनियमच्या टोपात शिजवू नका, स्टीलच्याच. धुराचा वास हवा तर शेवटी सॉसमध्ये वाटी ठेवून, तीत निखारा आणि तुपाचा थेंब टाकून पाच मिनिटं झाकायचं. शेगडीवर अख्खी संध्याकाळ जाळून जेवढा धूर मिळाला नाही, तेवढा या एका निखाऱ्याने मिळतो.

चीजवर फार डोकं खपवू नका. साध्या प्रोसेस्ड चीजमधले क्षार तेल आणि प्रथिनं एकत्र धरून ठेवतात, त्यामुळे ते गुळगुळीत वितळतं आणि गार झालं तरी खाववतं. मोझरेलाच्या तारा मुलांना आवडतात, पण गार झाल्यावर ती रबरासारखी होते. ओव्हनात सगळे एकदम खाणार असाल तर निम्मं-निम्मं घाला, तव्यावर प्रोसेस्डच.

माप: सहाच्या लादीला हॅम सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, चीजच्या चार स्लाइस म्हणजे कंजूष, सहा म्हणजे सढळ. माणशी तीन धरा. पोरं पाच खातात, आणि 'माका नको' म्हणणारे दोन. सोबत सोलकढी ठेवू नका, सॉसमध्ये कोकम आहेच. कैरीचं पन्हं ठेवा.

उरलेच तर रात्रीच फ्रिजमध्ये टाका आणि सकाळी चहाबरोबर त्याच बिडाच्या तव्यावर, झाकण न घालता, वरून उलथण्याने दाबून कुरकुरीत करा. आमच्याकडे त्या सकाळी नवाला उठणारा पुतण्या सातला स्वयंपाकघरात हजर होता.